रफू छान झालंय

४ ऑक्टोबर

ती. वहिनींना सप्रेम नमस्कार.

दादा गेल्यावर तुम्ही माहेरी गेलात त्याला आज सहा महिने झाले. फोनवर आपलं 'बरंय ना', 'बरंय' याच्या पुढे काही सरकत नाही आणि मग दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसतो. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. अक्षर मोठं आलंय, त्याचं मनावर घेऊ नका. नवीन पेन घेतलंय, ते फार जाड उमटतं.

इकडे सगळं ठीक. दादाची आणि तुमची वरची खोली आठवड्यातून एकदा उघडते, खिडकीशी जरा उभी राहते, पुन्हा लावून घेते. गल्लीत सगळे तुमची आठवण काढतात. औषधवाले कालच म्हणाले, "वहिनींना तिकडची हवा मानवली का हो?" वाचनालयातल्या बाईंनी आवर्जून नमस्कार सांगितलाय. समोरचे शिंपी तर रोज विचारतात. आपल्या बंदराच्या गावाची सवयच ती, तुम्हाला सांगायला नको.

रफूचं काम चालू आहे, पण पूर्वीसारखं नाही. पूर्वी बाकावर कपड्यांचा ढीग असायचा आणि तुम्ही जिन्यातून ओरडायचात, "वन्सं, माणसानं कुठे बसायचं?" आता लोक येतात, हसून चौकशी करतात, "सध्या काही फाटलंच नाही बघा" म्हणतात आणि जातात. हल्ली कापडच चांगलं निघत असेल. जे काही काम होतं ते मी नेहमीसारखं शिंप्यांच्या दुकानात ठेवते. आपल्या दाराच्या पायऱ्या लोकांना चढवत नाहीत, त्यांचं दुकान रस्त्याला लागून, तिथूनच लोक घेऊन जातात. आजवर एक तक्रार नाही.

तुमचं काही रफूचं असेल तर पाठवा. हाताला चाळा राहील. तुमच्या माणसांत तुम्ही सुखात असाल याची खात्री आहेच.

तुमची,
वन्सं


१९ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. अक्षर खरंच मोठं आहे. पेन बदला.

भाऊ बरा आहे. त्याचं खिळ्या-बिजागऱ्यांचं दुकान तसंच आहे, मी सकाळी तिथे काउंटरवर बसते. पहिल्याच आठवड्यात एक सुतार आला. मी आपली तुमच्याकडच्या सवयीनं म्हटलं, "या, बसा. आज ऊन फार आहे, नाही?" त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि भावाला विचारलं, "तुझी बहीण मला काही विकायला बघतेय का?" भाऊ म्हणाला, "खाली बंदरावर राहून आलीय. होईल बरी."

चाळीस वर्षं तुमच्याकडे मी डोंगरावरची तुसडी. आता इथे बंदरावरची गोडबोली. मधे घाटात कुठे एखादी खोली मिळते का बघावी म्हणते.

तुम्हाला आठवतं का, लग्न होऊन मी घरात आले तो दिवस? सासूबाईंनी विचारलं, "थोडं खाऊन घेतेस का ग?" मी म्हटलं, "हो, फार भूक लागलीय." सगळ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या आणि तुम्ही तोंडावर हात दाबून आत पळालात. नंतर तुम्हीच मला मोरीजवळ गाठून समजावलंत, की दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. आमच्याकडे एकदाच विचारतात. मला वाटलं होतं, दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर? तुम्ही म्हणालात, असं होतच नाही.

आणखी एक कबूल करून टाकते. चाळीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांना ऐकवत आले, की माझा भाऊ तोंडाने फटकळ आहे, पण मनाने लोणी आहे. वन्सं, तो नुसताच तिरसट आहे. फटकळ आणि आतून मऊ अशी माणसं इथेही शोधावीच लागतात.

सकाळी इथे कोणी 'झोप लागली का' विचारत नाही. औषधवाल्यांना माझ्या झोपेशी काय देणंघेणं, असं मी तिथे असताना म्हणायची. आता सकाळी उत्तर तयार असतं आणि विचारणारं कोणी नसतं.

ह्यांचा करडा लोकरी कोट मी बरोबर आणला होता. थंडीत दुकानात तोच घालते. उजव्या कोपरावर कसर लागून दोन भोकं पडलीत. इथला माणूस ठिगळ लावतो म्हणाला. ह्यांच्या कोटाला ठिगळ नको. पाठवतेय.

तुमची,
वहिनी


१४ नोव्हेंबर

ती. वहिनींना सप्रेम नमस्कार.

पार्सल उघडलं आणि आधी कोटाला नाक लावलं. दादाच्या जकात कचेरीतल्या लाखेचा वास अजून कॉलरमध्ये आहे. आतल्या खिशात शिसपेन्सिलीचा बोटभर तुकडा सापडला. तुम्हाला माहीत होतं की नाही कोण जाणे. होता तिथेच परत ठेवलाय.

आतल्या शिवणीतले धागे काढले, म्हणजे रंगात तसूभर फरक नको. तीन आठवडे लावले. कोट मांडीवर घेतला की काम बाजूला राहायचं. कचेरीतून आल्यावर दादा दारातच कोट काढून माझ्या अंगावर टाकायचा आणि "हा घे, फाटका" म्हणायचा. फाटलेला कधीच नसायचा.

तुमच्या पत्रावरून मलाही आठवलं. दादाच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा तुमच्या माहेरी आले, तेव्हा तुमच्या आईंनी विचारलं, "जेवणार?" मी रीतीप्रमाणे म्हटलं, "नको, आत्ताच तर आले." त्यांनी "बरं" म्हणून भांडी झाकली. संध्याकाळपर्यंत मी पाण्यावर काढली. घरी आल्यावर सगळ्यांना रंगवून सांगितलं, की वरची माणसं किती कोरडी. पुढे कितीतरी वर्षं तो किस्सा आपल्या घरात चालला. तुमच्यासमोरही चालला.

त्यातला एक भाग मी कधीच सांगितला नाही. निघताना त्याच आईंनी माझ्या पायांकडे बघितलं, "या चपलांवर उतरशील तर पडशील" म्हणाल्या आणि स्वतःचे बूट काढून माझ्या पायात घातले. बस लागायची तिथपर्यंत अनवाणी आल्या. मी आभार मानायला लागले तर म्हणाल्या, "बूट परत पाठव." मी पाठवले, पण घरात कोणाला बोलले नाही. बोलले असते तर किस्सा बिघडला असता.

आज एक विचारायचं आहे. जाताना दारात तुम्ही म्हणालात, "इथे सगळे गोड बोलतात, पण माझं कोणी नाही." मी "सुखी राहा" म्हटलं आणि आत आले. 'कोणी नाही' म्हणालात त्यात मीही होते का?

आणि कोटाचं काम कसं झालंय तेही कळवा. इथे सगळे छानच म्हणतात. तुम्ही खरं सांगाल.

तुमची,
वन्सं


५ डिसेंबर

प्रिय वन्सं,

कोट मिळाला. रफू छान झालंय. फारच छान झालंय. तुमच्या हाताला तोड नाही, असं हे नेहमी म्हणायचे ते काही खोटं नाही. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही कौतुक वाटलं. एवढे कष्ट घेतलेत, किती आभार मानू.

आईच्या बुटांचं मला माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं. "तुझी नणंद उपाशी राहिली वाटतं, तोंड उतरलं होतं, पण नको म्हणाली, मग मी काय करणार?" असंही म्हणाली होती. तुमचा किस्सा चालू असायचा तेव्हा मी म्हणूनच गप्प बसायची. दोन्हीकडचं ठाऊक असलेली मी एकटीच होते.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर: होतात. त्या दिवशी तुम्हीही होतात.

हे गेल्यावर पंधरा दिवस घर भरलेलं होतं. प्रत्येक जण निघताना म्हणायचा, "काही लागलं तर हक्कानं सांगा." मग एकेक करून सगळे गेले आणि परत कोणी विचारलं नाही. तुम्ही रोज जिन्याखालून हाक मारायचात, "वहिनी, काही हवंय का?" मी वरून नको म्हणायची. तुम्ही वर कधी आला नाहीत. मला काही नकोच होतं. कोणीतरी येऊन शेजारी बसावं एवढंच वाटत होतं, आणि ते काय मागायचं?

थंडी वाढलीय. तब्येतीला जपा.

तुमची,
वहिनी


२२ डिसेंबर

ती. वहिनींना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. थांबत थांबत वाचावं लागलं.

मला वाटायचं, तुम्हाला एकटं राहायचंय. तुम्ही सरळ बोलणाऱ्या. हवं असतं तर "या वर" म्हणाला असतात. न बोलावता वर येणं म्हणजे तुमच्या दुःखात पाय घालणं, असं मला वाटलं. रोज सकाळी मी दोन कप चहा करायची, तुम्हाला हाक मारायची आणि तुम्ही नको म्हणालात की तिथेच जिन्यात बसायची. वाटायचं, आता पुन्हा विचारावं. पण तुम्हाला एकदाच विचारलेलं आवडतं, हे मी चाळीस वर्षांत शिकले होते ना. चहा निवायचा, मग आत यायची. म्हणजे तुम्ही आमच्यासारखं तिसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत होतात आणि मी तुमच्यासारखं एकदाच विचारून थांबत होते. दादा असता तर पोट धरून हसला असता.

आता आनंदाची गोष्ट. खरं सांगू का, गेले काही महिने मला माझ्याच कामाची शंका यायला लागली होती. डोळ्यांपुढे कडेकडेनं धूर असल्यासारखं वाटतं. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती. पण तुमचं पत्र आलं आणि म्हटलं, वहिनींनी छान म्हटलंय म्हणजे छानच असणार, त्या काही आपल्या गल्लीतल्या नव्हेत. वेळ रद्द केली. उगाच त्या डॉक्टरांनाही त्रास.

आणि तुमच्याच भरवशावर एक मोठं काम धरलंय. गाण्याच्या बाईंच्या आईची शाल, साठ वर्षांची. मधोमध तळहाताएवढी झिजलीय. वर्षभरापूर्वी दिली असती तर नाही म्हटलं असतं. आता धीर आलाय.

तुमची,
वन्सं


१७ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र दोन महिने दुकानाच्या खणात पडून होतं. रोज उघडत होते आणि खण बंद करत होते. चार वेळा उत्तर लिहिलं, चारही वेळा फाडलं.

रफू छान झालेलं नाही.

दोन भोकांपैकी एक कसंबसं बुजलंय, वर गाठी आल्यात. दुसरं तसंच उघडं आहे. त्याच्या शेजारी बोटभर अंतरावर, धड कापडावर तुम्ही रफू केलंय. नीट, बारीक, एकावर एक धागे घेत. तिथे काहीच फाटलेलं नव्हतं.

पार्सल उघडलं तेव्हा मी कोट घेऊन दुकानाच्या मागे गेले आणि पोत्यावर बसून राहिले. मग आत येऊन तुम्हाला ते पत्र लिहिलं. लिहिताना बरंही वाटत होतं. वाटलं, चला, शेवटी आपल्याला यांच्यासारखं बोलता आलं. तुमच्या घरात मी कितीदा कोणाकोणाला दुखावलं असेल. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात सगळे त्यांना "आठ दिवसांत उठाल" म्हणत होते. त्यांनी मला विचारलं आणि मी "नाही उठणार" म्हटलं. तेव्हा तुम्ही महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत. त्याच सासूबाईंनी त्या संध्याकाळी मला जवळ बसवून कपाटाच्या किल्ल्या कुठे, कोणाला काय द्यायचं, सगळं सांगितलं, ते तुम्हाला नंतर कळलं. पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. या वेळी मला ते परत नको होतं. तुमच्याशी आत्ता कुठे बोलायला लागले होते.

गेल्या आठवड्यात मी कोट घातलेला असताना भावानं माझा हात धरून कोपर उजेडाकडे वळवलं.

"हे काय केलंय बाजूला? भोक तर तसंच आहे."

"माझ्या नणंदेनं रफू केलंय."

"तिला दिसत नाही."

मी बाही खाली ओढली.

"सांगितलंस का तिला?"

"नाही. वाईट वाटेल."

"कोणाला?"

एवढं विचारून तो गिऱ्हाईकाचे स्क्रू मोजायला लागला. मी त्याला तिरसट म्हटलं होतं. आहेच तो. पण त्याच्या त्या एका प्रश्नानंच मी पाचव्यांदा उत्तर लिहायला बसले.

पत्र मिळताच डॉक्टरांकडे जा. वेळ घेऊन वगैरे नाही. उद्याच.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

हे पत्र मी कागदाला नाक लावून, अंदाजानं लिहितेय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर चढू देत.

तुमचं पत्र मला वाचवेना. अक्षरं एकमेकांत मिसळत होती. म्हणून ते घेऊन समोर शिंप्यांकडे गेले. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. मग म्हणाले, "कोट छान आहे, असं लिहिलंय वहिनींनी."

मी म्हटलं, "दोन पानं एवढंच?"

"बाकी हवापाण्याचं आहे ताई."

"हवापाण्याचं वाचा."

ते यंत्राचं चाक हातानं फिरवत राहिले. मी म्हटलं, "शिंपीदादा, तुम्ही मला तीस वर्षं ओळखता. वाचा." मग त्यांनी सगळं वाचलं. सासूबाईंचंही, म्हणजे माझ्या आईचंही. वाचून झाल्यावर कागद घडी करून माझ्या हातात दिला, आणि मग स्वतःचंही सांगून टाकलं.

गेलं सव्वा वर्ष माझं प्रत्येक काम ते उसवून पुन्हा करत होते. मी संध्याकाळी कपडा त्यांच्याकडे ठेवायची, ते दुसऱ्या दिवशी स्वतःचं शिवण बाजूला सारून माझं रफू काढायचे, जमेल तसं भरायचे आणि गिऱ्हाईकाला "ताईंचं काम" म्हणून द्यायचे. लोकांना फरक कळत होता. काही जण यायचे बंद झाले. पण कोणी एका शब्दानं बोललं नाही. तुमचा कोट तेवढा मी स्वतः पोस्टात टाकला, म्हणून तो त्यांच्या हाताखालून गेला नाही.

"मला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"कसं सांगणार ताई? तुमचे हात म्हणजे..."

वहिनी, मी आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यावर कोणावर तरी ओरडले. औषधवाले दुकानाबाहेर येऊन बघत होते. शिंपी मान खाली घालून ऐकत होते. आणि ओरडताना मला एकीकडे हेही आठवत होतं, की कागद देताना या माणसाच्या बोटांचे घट्टे माझ्या हाताला लागले होते, सुया टोचून पडलेले, माझ्या कामापायी. लोक म्हणतात बंदरावरची माणसं वरवर गोड. हे वरवरचं नव्हतं. सव्वा वर्ष कोणी वरवरचं असं राबत नाही. पण त्याच्या गोडव्यापायी आणि तुमच्या एका गोड पत्रापायी मी घरात बसून राहिले.

डॉक्टरांकडे गेले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो काढतील. डाव्यात काचबिंदू. तो डोळा जवळजवळ गेलाय आणि गेलेलं परत येत नाही. मी विचारलं, "डिसेंबरमध्ये आले असते तर?" डॉक्टर फार गोड माणूस. म्हणाले, "आता त्याचा विचार नका करू." तुमच्याकडचा डॉक्टर असता तर 'हो' म्हणाला असता. मला ते 'हो' ऐकायचं होतं.

चाळीस वर्षं तुमच्या सरळ बोलण्याचा मला त्रास झाला, आणि ज्या एका दिवशी ते हवं होतं त्या दिवशी तुम्ही आमच्यासारखं बोललात. हे लिहायला मला सहा आठवडे लागले. राग म्हणून नव्हे. राग आहेच. पण तुम्हाला वाईट वाटेल असं काही लिहायची मला सवय नाही, ती लागायला वेळ गेला.

गाण्याच्या बाईंची शाल माझ्या हातून बिघडली, ती शिंप्यांनाही जमली नाही. कपाटात ठेवून बाईंना "आणखी आठ दिवस" म्हणतायत.

वन्सं


२९ एप्रिल

ती. वहिनी, नमस्कार.

ताईंच्या उजव्या डोळ्यावर पट्टी आहे, म्हणून त्या सांगतायत आणि मी, समोरचा शिंपी, लिहितोय. चूकभूल माफ असावी. इथून पुढे ताईंचेच शब्द.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात चांगलं झालं. मी त्यांना म्हटलं, पट्टी निघाल्यावर मी सांगेन. तुमचं आठ तारखेचं पत्र पोचलं. तुम्ही येते म्हणालात. गरज नाही. तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. (हे ताई हसत म्हणाल्या.) शिंपीदादा मधेच स्वतःचं काहीतरी घालत होते, पेन जास्त वेळ चाललं. मी वाचायला लावलं. मी हसत नव्हते.

पडल्या पडल्या जुनं आठवतं. तुम्ही आणि मी दुपारी बाकावर बसायचो. तुम्ही गहू निवडायचात, मी रफू करायची. तासन् तास कोणी बोलायचं नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, या नणंदा-भावजयांचं पटत नाही वाटतं. मला तर ते दिवसातलं सगळ्यात चांगलं वाटायचं. बाकी दिवसभर प्रत्येकाशी काही ना काही चांगलं बोलत राहावं लागायचं, तुमच्यापाशी लागायचं नाही. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. तुम्हीही काही बोलला नाहीत, तेव्हा तुम्हाला काय वाटायचं ते मला आजही ठाऊक नाही.

तर माझं इथे सगळं व्यवस्थित चाललंय. शेजार चांगला आहे. उन्हाळ्यात एवढा प्रवास करून येऊ नका. पत्र लिहीत राहा.

तुमची,
वन्सं

वहिनी, याखालचं मी घरी आल्यावर लिहितोय, ताईंना माहीत नाही. त्यांचं व्यवस्थित चाललेलं नाही. परवा शेगडी चाचपडताना हात भाजला, डाव्या हाताला फोड आलेत. आम्ही शेजारी डबा देतो, त्या "कशाला, माझं झालंय" म्हणतात आणि आम्ही मानतो. सकाळी सुई ओवायला बसतात, पट्टी बांधलेली असताना. दोरा शेजारून जातो. मी समोरून बघतो. सव्वा वर्ष मी गप्प बसलो, त्याचं काय झालं ते आपण पाहिलं. त्या येऊ नका म्हणतायत. तुम्ही या.


११ मे

भाऊस,

पोचले. बसमध्ये त्रास झाला नाही. तू दिलेला डबा उतरताना शेजारणीला दिला, तिची मुलं भुकेली होती.

दार उघडंच होतं. वन्सं खालच्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. पट्टी निघालीय, काळा चष्मा आहे. पावलं ऐकून विचारलं, "कोण?"

मी म्हटलं, "मी."

या घरात चाळीस वर्षं मी कुठूनही आले तरी पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "दमलात का, आधी बसा." या वेळी ते आलं नाही. मग म्हणाल्या, "उशीर केलात."

मी म्हटलं, "हो."

नंतर त्या थोड्या सरकल्या आणि मी बसले. मग केव्हा तरी त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, वाळलात म्हणाल्या. मी त्यांचा भाजलेला हात बघितला आणि जे बोलायचं ते बोलले. समोर शिंप्यांनी यंत्र थांबवलं होतं, त्यांनाही ऐकू गेलं असणार.

उजव्या डोळ्याला आता बरंच दिसतं. रस्त्यावरची माणसं ओळखतात. धागा दिसत नाही आणि तो दिसणार नाही, हे मी डॉक्टरांना सरळ विचारून घेतलं. वन्संना मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." मग दुपारभर सुयांची डबी मांडीवर घेऊन बसल्या. मी शेजारीच होते.

गाण्याच्या बाईंना बोलावून शालीचं खरं ते सांगितलं. त्या पहिल्यांदा "छानच तर आहे" म्हणाल्या. वन्सं म्हणाल्या, "नाही. खिडकीत नेऊन बघा." बघितल्यावर बाईंना रडू आलं. आता ती आम्ही करतोय. डोळे शिंप्यांचे, बोटं वन्संची, आणि "उसवा" म्हणायचं काम माझं. शिंपी रोज एकदा तरी म्हणतात, आज जरा बरं आलंय ना वहिनी, आणि मी बघून सांगते. काल खरंच बरं आलं होतं, तर त्यांचा विश्वास बसेना.

औषधवाल्यांनी सकाळी विचारलं, झोप लागली का. मी म्हटलं, नाही लागली, गादीची सवय गेलीय. बिचारे गोंधळले. संध्याकाळी घरची एक उशी आणून दिली.

मी आता तिकडे राहायला येत नाही. तुला एकट्याला जड जाईल, हे मला कळतं. तू तसं लिहिणार नाहीस, हेही कळतं. म्हणून मीच विचारते आणि तू होय किंवा नाही लिही: दिवाणखान्यातली खाट रिकामी आहे, थंडीचे चार महिने इथे येऊन राहशील का? पोस्टकार्डही चालेल. माझी दुसरी पेटी बसवाल्याकडे दे.

आत्ता हे लिहितानाच वन्संनी हाक मारली. मी आल्यापासून त्यांनी स्वतःहून मारलेली ही पहिलीच. मी जाऊन विचारलं, काय हवंय. म्हणाल्या, "काही नाही. बसा." पत्र तिथेच, त्यांच्या शेजारी बसून पुरं करतेय.

तुझी,
ताई